भुताच्या ज्वाळा

"ज्वाळा कुठं हाईत? बोट ठेवून दाव मला," आक्काताई म्हणाली. "काळी रिक्षा दिली हुती, काळीच दिसालीय. मग पंधरा दिवस काय हिला मांडीवर घेऊन बसला हुतास?"

"आक्का, त्या सावलीत दिसत न्हाईत. तीच तर त्याची गंमत हाय."

"मग कशात दिसत्यात?"

"उन्हात."

"मग ने की उन्हात. दोन पावलांवर ऊन हाय."

"अजून लॅकर मारायचा हाय. भाईर काढली तर धूळ बसंल. उस्तादांनी काढू नको म्हणून सांगितलंय."

आक्काताईनं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं. "म्हंजे हाईत, पन दिसत न्हाईत. दिसतील, पन आज न्हाई. आमच्या गल्लीतला देवरुशी पन हेच सांगतोय. निदान तो नारळ तरी फोडतोय."

"तुमाला समजत न्हाई त्यातलं."

"मला समजत न्हाई? नववीत दोनदा आपटलास तू. आनि समजत मला न्हाई?"

हे तिनं बोलायला नको होतं. माझं डोकं त्या वेळी थिनरसारखं होतं, काडी लांबून दाखवली तरी पेटायचं. मी हातातला टेपचा गुंडाळा जमिनीवर आपटला.

"दिसत नसलं तर चष्म्याचा नंबर बदला जावा. माझ्यावर कशाला खेकसालाय?"

"माझ्या नजरेला नावं ठेवतोस व्हय रं? स्टँडवर बसून लांबच्या एसटीच्या पाटीवरलं गाव वाचतो मी."

शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेले दस्तगीर उस्ताद खाकरले. "अवध्या, आक्काला पानी दे. आनि टेप उचल, माती चिकटली तर कड फाटंल."

मी टेप उचलला. पाणी दिलं नाही.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सतराचा होतो. कोल्हापुरात उद्यमनगरात उस्तादांची रंगाची शेड आहे, तिथं मी दीड वर्ष घासत होतो. घासत म्हणजे खरंच घासत. पॉलिश पेपर घ्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि लोकांच्या गाड्यांचा जुना रंग खरवडायचा. उस्तादांचा नियम होता: पहिलं वर्ष घासायचं, दुसरं वर्ष खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, तिसरं वर्ष टेप लावायचा, मग गन. गन मी रोज धुवायचो, पण तिच्यातून रंग कधी उडवला नव्हता. म्हणजे आचाऱ्याकडं राहून नुसती भांडी घासायची.

घरी आबांनी वेगळाच हिशोब मांडला होता. आबा शिरोलीला फाउंड्रीत साचे करतात. एका सकाळी डबा भरता भरता म्हणाले, "एक मेपर्यंत बघतो. तवर हातात गन आली तर ऱ्हा तिथंच. न्हाई तर दोन तारखेला माझ्या मागं गाडीवर बसायचं." आबा ओरडत नाहीत. एकदाच सांगतात आणि मग तसंच करतात. फाउंड्री मी बघितली होती. तिथं सगळी माणसं एकाच रंगाची दिसतात.

आणि त्याच एक मेला आमच्या भागात रिक्षांची सौंदर्य स्पर्धा असायची.

आता आक्काताई. आक्काताई लाटवडे, पन्नाशीची बाई, साडीवर खाकी शर्ट, दोरी लावलेला चष्मा, नाकात चमकी आणि सकाळपासून झोपेपर्यंत गालात पान. स्वतः रिक्षा चालवायची. तिचा धाकटा दीर धोंडीराम, तोही रिक्षावालाच, त्याच स्टँडवर. त्याआधीची सलग तीन वर्षं स्पर्धेत पहिला नंबर धोंडीरामचा. लालपिवळ्या ज्वाळा, आत आरसे, छताला झुंबर. आणि नंबर आला की स्टँडवर पेढे वाटताना आक्कासमोर पेढा धरून म्हणायचा, "वहिनी, बायकांनी रिक्षा चालवावी, नटवायचं काम आमाला सोडावं." तीन वर्षं तिनं तो पेढा खाल्ला होता. चौथा तिला खायचा नव्हता.

म्हणून मार्चमध्ये ती शेडवर आली आणि म्हणाली, "दस्तगीरभाई, धोंडीरामपेक्षा मोठ्या ज्वाळा काढा. हुडापर्यंत न्या."

मी कोपऱ्यात मडगार्ड घासत होतो. तिथूनच तोंड घातलं. "मोठ्या काढून काय हुतंय? तशाच दिसतील." आणि मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. काळी मोटरसायकल. सावलीत नुसती काळी. उन्हात वळवली की टाकीवर निळ्या ज्वाळा निघाल्या, परत वळवली की गेल्या. "ह्याला भुताच्या ज्वाळा म्हणत्यात. पर्लच्या असत्यात, मोत्याच्या चुऱ्यागत पावडर असती."

आक्कानं तो व्हिडिओ चारदा बघितला. "धोंडीरामच्या डोळ्यादेखत निघतील?"

"त्याच्या नाकासमोर निघतील."

उस्तादांनी मोबाईल हातात घेतला. नाकाला लावला, मग हात लांब करून धरला, मग मला परत दिला. "मला नको दावू. तुला दिसलंय नव्हं? मग तूच मार."

"गननं?"

"मग काय झाडूनं?"

मला वाटलं, माझ्यातला कारागीर ओळखला ह्यांनी. त्या दिवशी घरी जाताना मी सायकल दोन्ही हात सोडून चालवली.

पहिली बाजू मी पार घाण केली, ते सांगतो. रिक्षा नव्यानं काळी करून झाली होती, ती उस्तादांनी माझ्या मागं उभं राहून माझ्याकडूनच मारून घेतली. मग पातळ टेपनं ज्वाळांच्या कडा लावल्या, बाकी सगळीकडं कागद. पर्ल मिसळली. चिमूटभर टाकायची असते, पोह्यांवर मीठ पडावं तशी. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. मी मूठ टाकली. शिवाय एक हात मारून काही दिसेना, म्हणून दुसरा मारला, तिसरा मारला, चौथा मारला. टेप काढला तर सावलीतसुद्धा लखलखीत निळ्या ज्वाळा. लग्नाच्या बँडची गाडी. आणि कपात पर्ल खाली बसली होती, मी हलवलाच नव्हता, त्यामुळं पुढच्या ज्वाळा झगझगीत आणि मागच्या आजारी.

उस्तादांनी पुढं येऊन पत्र्यावर अंगठा फिरवला. "किती हात?"

"चार."

"भूत दारात येऊन नाव सांगतंय व्हय? घास सगळं."

घासलं. परत काळा मारला. परत टेप. या वेळी चिमूटच टाकली, दर मिनिटाला गन हलवली, दोनच हात मारले. उस्ताद स्टुलावर बसून भिंतीकडं तोंड करून सांगत होते, "लांब गेलास. जवळ घे. आता थांबलास कशाला, वघळ येईल."

"उस्ताद, तिकडं तोंड करून कसं कळतंय तुमाला?"

"आवाज येतोय की. कान फुटल्यात काय माझं?"

टेप काढला. काही नाही. काळी रिक्षा. मी डोकं खाली घालून, वाकून, तिरकं होऊन बघितलं तेव्हा कुठं धुरासारखी एक कड दिसली आणि गेली. मी परत वाकून बघितलं, इतकं ते बरोबर जमलं होतं. तशीच दुसरी बाजू केली, पुढचा शो, म्हणजे दर्शनी पत्रा, केला. मागचं पान, म्हणजे पाठीमागचा पत्रा, तेवढं राहिलं. आणि त्याच दिवशी आक्का आली आणि वर सांगितलं ते भांडण झालं.

भांडण झाल्यावर ती रिक्षाभोवती एक फेरी मारून गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "स्पर्धेत माझं हसं झालं तर बघ. तुझ्या बाला सांगून तुला भट्टीत घालाय लावतो."

ती गेली. उस्ताद नमाजाला गेले. शेडमध्ये मी, गन आणि रिक्षाचं मागचं रिकामं पान.

मी म्हणलं, तुला दिसत नाही ना? बघूच मग तुला काय काय दिसत नाही ते.

पेन्सिल घेतली. ज्वाळा खालून वर जाणार होत्या, त्यातल्या दोन बाहेर वळवल्या की शिंगं झाली. मधल्या दोन खाली आणल्या की लांबुडकं तोंड. एक गाल फुगवला, पान आहे म्हणून. नाकपुडीत चमकी. डोळ्यांवर चष्मा, चष्म्याची दोरी दोन्ही कानांमागनं. गळ्याखाली खाकी शर्टाची कॉलर, दोन टोकांची. अशी म्हस अख्ख्या कोल्हापुरात नव्हती, आणि कोल्हापूर म्हशींसाठी प्रसिद्ध आहे. रंग मारताना मी इतका हसत होतो की हात हलू नये म्हणून श्वास धरायला लागला. खरं सांगायचं तर आयुष्यात एवढं मन लावून मी काहीच केलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

टेप काढला. काळं पान. म्हस आत, कुणालाच पत्ता नाही.

उस्ताद आले. "झालं मागचं?"

"झालं."

त्यांनी मागच्या पानावर अंगठा टेकवला आणि सावकाश फिरवत गेले. डावीकडून वर, मग खाली, मग मधे. मधे बराच वेळ फिरवला. मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून उगीच पिळत होतो. उस्ताद खाकरले. अंगठा सदऱ्याला पुसला.

"लॅकर कालव," म्हणाले.

लॅकरचे तीन हात मारले. तो बसतोय, वाळतोय, तोपर्यंत माझं डोकंही थंड झालं. आणि डोकं थंड झाल्यावर समजलं की मी काय करून बसलोय. पर्लवर लॅकर म्हणजे फोटोवर काच. आता म्हस काढायची तर अख्खं पान घासायचं, आणि घासायचं तर उस्तादांना कारण सांगायचं. मी आक्काला निरोप दिला की रिक्षा न्यायला दिवस मावळताना या, दुपारी नको, लॅकर नरम असतोय. ती आली, शेडच्या ट्यूबलाईटखाली रिक्षाभोवती फिरली, आरशासारख्या काळ्या रंगात स्वतःचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "चमकालीय मात्र." एवढंच. दुसऱ्या दिवशी स्पर्धा.

एक मेला मी आणि उस्ताद मैदानावर गेलो. उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, लोकांना दाखवायला, की हा माझा पोरगा. मी आकाशाकडं बघत होतो. ढगाचा एक तुकडा नाही. ऊन इतकं लख्ख की उंदराच्या अंगावरचे केस मोजावेत. गेटमधून आत शिरलो आणि बघतो तर काय, रिक्षांसाठी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव. डबल कापडाचा. खाली तीसेक रिक्षा गार सावलीत उभ्या.

मला त्या मांडववाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. म्हस वाचली, मी वाचलो.

हा आनंद रिक्षाजवळ जाईपर्यंत टिकला. आक्का रिक्षाशेजारी उभी होती, नवीन इस्त्रीचा खाकी शर्ट, डोक्यात गजरा. डाव्या बाजूला धोंडीरामची रिक्षा, आत झुंबर पेटलेलं, ज्वाळा हुडापर्यंत. उजव्या बाजूला एकानं आख्खा धबधबा बसवला होता, पाण्यासकट. आणि मधे आक्काची रिक्षा. काळी. स्वच्छ. नुसती काळी.

धोंडीराम मिशीला पीळ देत आला. "वहिनी, यंदा धुवून आनलीसा जनू. ब्येस केलंसा."

मी आक्काच्या तोंडाकडं बघत होतो. पान चघळायचं थांबलं होतं.

परीक्षक तिघं. त्यातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कुंभार सर, हातात वही. ते धबधब्यापाशी पाच मिनिटं थांबले. मग आक्काच्या रिक्षापुढं आले. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. वहीत लिहिताना मला दिसलं, 'स्वच्छता चांगली'. आणि पुढं झुंबराकडं गेले.

आक्का पदरानं हुडावरची धूळ पुसायला लागली. धूळ नव्हतीच. तरी पुसत होती, एकाच जागी, आणि माझ्याकडं बघत नव्हती. शिवी दिली असती तरी चाललं असतं. चार लोकांत कानाखाली काढली असती तरी मी काही बोललो नसतो. पण ती नुसती पुसत होती.

उस्ताद माझ्या कानाशी आले. "गेलं काय परीक्षक?"

"गेलं की म्होरं. तुमच्या म्होरनंच गेलं."

"काय म्हणलं?"

"स्वच्छता चांगली."

"मांडव हाय नव्हं वर? मग ढकल की रिक्षा उन्हात."

मी चपलेनं माती उकरत राहिलो.

"ढकल की रं."

"नको उस्ताद. ऱ्हाऊ दे आता."

उस्तादांनी माझ्या खांद्यावरचा हात जरा दाबला. "म्हशीला भ्यालास काय?"

मी त्यांच्या अंगठ्याकडं बघितलं.

"शिंगं जाड झाल्यात," उस्ताद म्हणाले. "चष्म्याची दोरी मात्र ब्येस काढलीस. आता असं बघ, एक तर आक्का तुला मारंल, न्हाई तर सांच्याला धोंडीरामचा पेढा खाईल. तुझं तू ठरव."

मी हँडलला हात घातला. "आक्का, बाजूला व्हा. उन्हात काढतो."

"आता कशाला? झालं की सगळं."

"व्हा तर बाजूला."

रिक्षा मांडवाच्या कडेकडं सरकली. सावलीची रेघ जमिनीवर आखल्यासारखी होती. पुढचं चाक रेघेबाहेर गेलं, मडगार्ड गेलं, आणि पुढच्या शोवर ऊन पडलं तशी पहिली ज्वाळा निघाली. काळ्याच्या आतून. कुणी आतनं फुंकर मारावी तशी. मग दुसरी. रिक्षा जसजशी बाहेर येत होती तसतशा त्या दारावरनं मागं पळत गेल्या, निळ्या, कडंला जांभळ्या. एक पोरगं ओरडलं, "ए, पेटली, पेटली." लोक झुंबर सोडून वळले. उजवीकडं सरकलं की निघायच्या, डावीकडं सरकलं की जायच्या. म्हणून सगळे एकदा इकडं, एकदा तिकडं झुलायला लागले, आरतीला झुलतात तसे. धोंडीरामसुद्धा झुलला. मी डोळ्यांनी बघितलंय.

मी रिक्षा तिथंच थांबवली. मागचं पान अजून सावलीत होतं. माझं म्हणणं, एवढं बास झालं.

कुंभार सर वही उघडून पळत आले. "पूर्ण बाहेर घ्या. मागची बाजू पाहू द्या."

"मागं काय न्हाई सर," मी म्हणलं. "मागं आसंच."

"ढकल की रं, थांबलास कशाला," आक्का म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. पान परत सुरू झालं होतं. ती स्वतः मागं गेली, दोन्ही तळहात मागच्या पानावर टेकवले आणि जोर लावला. बाईच्या अंगात बळ फार. रिक्षा एका दमात बाहेर.

आणि आक्काच्या दोन तळहातांच्या मधून म्हस निघाली.

आक्का तशीच वाकलेली राहिली. तोंडासमोर तोंड. तिनं मान तिरकी केली, म्हस गेली. सरळ केली, म्हस आली. परत तिरकी केली. मग हात काढून चष्मा पुसला आणि परत घातला. म्हशीनंही घातलेलाच होता.

कुंभार सर जवळ आले. "वा. ही काय संकल्पना आहे?"

मी मैदानाचं मागचं गेट कुठं आहे ते बघत होतो. पहिला धोंडीराम हसला. गुडघ्यावर थाप मारून हसला. "वहिनी, आवो ही तर तुमीच की. चमकीसकट."

आता लोकही हसायला लागले. आक्का सरळ झाली. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"व्हय, मीच हाय," ती म्हणाली. "माझ्या रिक्षावर मीच असनार. तुझ्या रिक्षावर तुझं थोबाड काढायला कुनी पेंटर तयार झाला न्हाई, त्याला मी काय करू?" मग सरांकडं वळली. "सर, दिवाळीच्या पाडव्याला आपन म्हशी नटवून अख्ख्या गावातनं मिरवतोय का न्हाई? तशी ही मिरवाय आनलीय. दूध देत न्हाई, पन मीटर पळवती."

या वेळी हसणं धोंडीरामकडं तोंड करून होतं. सर हसत हसत लिहीत होते, बरंच लिहीत होते.

लोक मोबाईल काढून म्हशीचे फोटो घ्यायला लागले. त्या गर्दीत आक्का माझ्याजवळ आली. लोकांकडं बघून हसत होती आणि खालून माझा कान धरला होता, नखांनी.

"चष्मा कुनाचा काढलास रं?"

"तुमचा."

"आनि कॉलर?"

"तुमचीच."

"पुसता येतंय काय?"

"घासाय लागंल. संगट ज्वाळा पन जातील."

ती विचारात पडली. कान सोडला नाही. "मग ऱ्हाऊ दे," शेवटी म्हणाली. "पन माझा गाल एवढा फुगत न्हाई." आणि मग कान असा पिरगाळला की मला डोळे मिटल्यावरही निळ्या ज्वाळा दिसल्या.

पहिला नंबर धोंडीरामचाच आला. झुंबर होतं त्याचं. दुसरा आक्काचा. पण त्या संध्याकाळी पेढे घेऊन तो आला तर आक्कासमोर लोकांची रांग लागलेली, म्हशीबरोबर फोटो काढायला. तो बॉक्स हातात घेऊन उभाच राहिला. आक्कानं बॉक्समधला पेढा स्वतः उचलला आणि त्याच्याच तोंडात घातला. हे मला तिनंच दहा वेळा सांगितलंय, प्रत्येक वेळी पेढा मोठा होतो.

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

आक्कानं कान सोडल्यावर मी उस्तादांकडं गेलो. ते रिक्षापासून चार हातांवर उन्हात उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, शाबासकी मिळंल म्हणून. त्यांनी माझं कोपर धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "निघाल्या काय रं?"

"काय?"

"ज्वाळा. निघाल्या? कसल्या दिसत्यात?"

"थट्टा कराय लागलाय व्हय उस्ताद? म्होरंच हाईत की तुमच्या."

त्यांनी तोंड पुढं केलं. डोळे उघडे होते, ओठांवर हसू होतं. आणि ते धबधब्याच्या रिक्षाकडं बघत होते.

मला नजर आहे असं सगळे म्हणायचे. पत्र्यावरचा केसाएवढा चरा मी लांबून ओळखायचो. आक्काच्या चष्म्याच्या दोरीला दोन गाठी आहेत, हे मी न बघता काढलं होतं. आणि दीड वर्ष मी ह्या माणसाच्या शेडमध्ये होतो.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. डावा गेलाच. उजव्यात धुकं हाय, ते पन दाट व्हायलंय. डॉक्टर म्हणालं, गेलेलं परत येत न्हाई."

"कुनाला म्हायती हाय?"

"तुला. आता." कोपरावरची पकड घट्ट झाली. "पेंटरला दिसत न्हाई म्हणल्यावर गाडी कोन लावंल दारात? बोलू नको कुठं. आनि मी विचारलंय ते सांग. कसल्या हाईत?"

मी सांगायला लागलो. पुढनं सुरुवात केली. म्हणलं, निळ्या आहेत, गॅस बारीक केल्यावर असतात तशा. कडंला जांभळ्या. दारावर सहा आहेत, मागं जाताना बारीक होत जातात.

"टोकं?"

"सुईगत."

"डावीकडची तिसरी?"

"ती जरा जाड हाय."

"वाटलंच मला. अंगठ्याला लागली हुती." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हस सांग."

म्हस सांगितली. शिंगांपासून कॉलरपर्यंत. उस्ताद हसले, पोट हलेपर्यंत. डोळ्यांतनं पाणी आलं तेव्हा त्यांनी ते सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, आणि मी धबधब्याकडं बघत राहिलो.

घरी आबांनी विचारलं, "काय ठरलं?"

"गन मिळाली."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, "बरं" म्हणाले आणि आंघोळीला गेले. दोन तारखेला ते एकटेच शिरोलीला गेले.

पुढं सहा महिने आम्ही दोघांनी अख्ख्या उद्यमनगराला फसवलं. गिऱ्हाईक आलं की उस्ताद गाडीसमोर हाताची घडी घालून उभं राहायचे आणि मी मागनं खोकायचो. एकदा खोकलो की डाव्या बाजूला मार लागलाय, दोनदा खोकलो की उजव्या. उस्ताद मान हलवून म्हणायचे, "उजवं दार गेलंय तुमचं." लोक म्हणायचे, काय नजर आहे म्हाताऱ्याची. एकानं तर मला खोकल्याचं औषध आणून दिलं. शेवटी आक्कानंच पकडलं. तिनं एक दिवस मुद्दाम स्वतःच्या रिक्षाऐवजी धोंडीरामची रिक्षा आणून उभी केली, आणि मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो. उस्ताद म्हणाले, "आक्का, म्हस अजून झकास हाय की." ती तशीच रिक्षा फिरवून घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरच्या रिक्षा एकेक करून आमच्याकडं रंगाला यायला लागल्या, आणि कुणी येऊन उस्तादांना 'हे बघा' म्हणत नाही. सगळे 'हे हात लावून सांगा' म्हणतात. तिनं त्यांना काय सांगितलं, मी विचारलं नाही. मला अजून माझ्या कानाची काळजी—

थांबा, उस्ताद हाक मारायलेत. गिऱ्हाईक आलंय, चॉकलेटी पाहिजे म्हणतंय आणि उस्तादांच्या हातात डबा वांगी रंगाचा आहे. झाकण उघडायच्या आत पोचायला पाहिजे. जातो मी.